घरच्यांनी मिळून खेळायला वेगवान इलेक्ट्रॉनिक गेम : निवडताना काय पाहावे?

दिवाळीनंतर मोहाडी, तुमसर, भंडारा परिसरातील गावोगावी मंडई भरते. तिथल्या खेळण्यांच्या दुकानांवर दिवे लुकलुकणारे, आवाज करणारे बॅटरीचे गेम दिसतात. काही घरांत टीव्हीला जोडायचा गेम ऑनलाइन मागवला जातो. बाकी घरांत मोबाईल असतोच. सगळ्यांनी मिळून खेळायचा गेम घेणे ही चांगली गोष्ट आहे. मात्र वेगवान गेम निवडताना किंमत आणि रंग यांच्या आधी काही आरोग्याच्या गोष्टी तपासायला हव्यात. त्यांपैकी एक-दोन गोष्टी अक्षरशः जीवावर बेतू शकतात.

वेगवान गेम म्हणजे कोणते?

ज्या गेममध्ये विचार करायला फारसा वेळ मिळत नाही, पाहताक्षणी किंवा ऐकताक्षणी हात चालवावा लागतो, ते वेगवान गेम. त्यांचे साधारण तीन प्रकार आहेत.

- हातात धरायचे बॅटरीचे गेम : दिव्यांचा क्रम लक्षात ठेवून बटणे दाबायचा ‘सायमन’ (१९७८) किंवा आवाजात सांगेल तसे दाबायचा, पिळायचा, ओढायचा ‘बॉप इट’ (१९९६) हे जुने नमुने. बाजारात त्यांच्यासारखे अनेक मिळतात.
- मोबाईल किंवा टीव्हीच्या पडद्यावरचे गेम : गाडीची शर्यत, नेमबाजी, उड्या मारत पळणे.
- अंग हलवून खेळायचे गेम : पडद्यासमोर नाचणे, हात फिरवून टेनिस किंवा बॉलिंग खेळणे.

घरच्यांनी मिळून खेळायचे असेल तर पहिला आणि तिसरा प्रकार अधिक बरा. पाळी एकाची असली तरी बाकीचे बघतात, हसतात, मोजतात. मोबाईलच्या गेममध्ये बहुतेक वेळा एक जण खेळतो आणि बाकीचे वाट पाहतात.

१. आधी बॅटरी पाहा

घरात सहा वर्षांखालील मूल असेल तर हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. लहान गेममध्ये आणि रिमोटमध्ये अनेकदा नाण्यासारखी चपटी बटण बॅटरी असते. सुमारे २० मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी, उदाहरणार्थ सीआर २०३२, मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेत अडकू शकते. तिथल्या ओलाव्यात वीज वाहू लागते, क्षार तयार होतो आणि अन्ननलिका आतून भाजते. गंभीर इजा दोन तासांतही होऊ शकते. गेम चालेनासा झाला म्हणून काढून ठेवलेली ‘संपलेली’ बॅटरीसुद्धा इजा करते.

म्हणून घेताना हे पाहा :

- पेन्सिल सेलवर चालणारा गेम निवडा.
- बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. नखाने उघडणारे झाकण नको.
- खोक्यावर आयएसआय चिन्ह असावे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे.

बॅटरी गिळल्याचा संशय आला तर

मुलाने गिळताना कोणी पाहिलेले नसते. अचानक लाळ गळणे, घास नाकारणे, खोकला, उलटी, छातीत दुखणे यांपैकी काही दिसले आणि घरातली बॅटरी सापडत नसेल तर संशय घ्या. काहीच लक्षण नसले तरी थांबू नका.

- लगेच एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. बॅटरी अन्ननलिकेत असेल तर ती दुर्बिणीने तातडीने काढावी लागते. ही सोय भंडाऱ्याला किंवा नागपूरलाच मिळण्याची शक्यता जास्त. त्यामुळे निघतानाच फोन करून विचारा, किंवा १०८ वर गाडी बोलवा.
- उलटी करवू नका. केळी किंवा भाताचा गोळा खाऊ घालू नका.
- मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून १२ तास झालेले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे इजा थोडी लांबते, बॅटरी निघत नाही. मध शोधण्यात वेळ घालवू नका. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नका.
- नाकात किंवा कानात बॅटरी गेली तर थेंब टाकू नका. तीही तितक्याच घाईने काढावी लागते.

२. लुकलुकणारा प्रकाश

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेचा एक भाग टीव्हीवर दाखवला गेला. त्यात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकत होता. तो पाहून जवळपास ७०० जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यात बहुतेक मुले होती आणि त्यांतील काहींना फिट आली होती. अपस्मार असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे तिघांना अशा प्रकाशाने फिट येऊ शकते. हा त्रास बहुधा शाळकरी आणि किशोरवयात दिसतो.

घरात कोणाला फिट येत असेल, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कोणाला येत असेल, तर स्फोट आणि चमक असलेले गेम टाळा. खोलीत दिवा लावून, पडद्यापासून लांब बसून खेळा. जागरण झालेले असताना खेळू नका. चमक सुरू झाली आणि कसेतरी वाटू लागले तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान दुसरीकडे वळवा. दोन्ही डोळे नुसते मिटून उपयोग होत नाही, कारण प्रकाश पापण्यांतूनही जातो.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही, वेळ मात्र जातो. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असली, तर तातडीने दवाखाना गाठा.

३. खेळताना मूल कोसळले तर ‘चक्कर’ समजू नका

हे क्वचित घडते, पण माहीत असावे. काही मुलांमध्ये हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष असतो. तो एरवी कळत नाही. धावताना किंवा फार उत्तेजित झाल्यावर ठोके अचानक बिघडतात. वेगवान गेमच्या उत्तेजनेतही असे होऊ शकते. २०२२ मध्ये ‘हार्ट रिदम’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा २२ मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. खेळताना, जिंकताना किंवा हरताना मूल बेशुद्ध पडले, तर शुद्धीवर आल्यावर ठीक दिसत असले तरी ईसीजी आणि डॉक्टरांची तपासणी करून घ्या. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

४. आजी-आजोबांना खेळता यावे असा गेम

- वेग कमी-जास्त करता येतो का पाहा. सर्वांत हळू पातळीवर आजी-आजोबांची बोटे पोहोचली पाहिजेत.
- मोतीबिंदू असलेल्यांना आवाजावर चालणारा गेम सोपा जातो. त्यातले इंग्रजी शब्द तीन-चारच असतात, नातवंडे ते शिकवू शकतात. शब्द नको असतील तर रंग आणि सूर यांचा गेम घ्या.
- अंग हलवायच्या गेममध्ये पडण्याची भीती असते. चटई, वायर, स्टूल बाजूला करा. गुडघेदुखी किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर खुर्चीत बसून हातांनी खेळा.
- रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
- इन्सुलिन घेणाऱ्यांनी खेळाच्या नादात जेवणाची वेळ चुकवू नये.

५. आवाज आणि पैसे

हेडफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. खेळून झाल्यावर कानात गुणगुण वाटली तर आवाज जास्त होता असे समजा.

ज्या फोनवर धानाच्या चुकाऱ्याचा मेसेज येतो, तोच फोन अनेक घरांत मुलांच्या हातात असतो. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका आणि ॲपमधील खरेदीला पासवर्ड लावा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम घरात आणूच नका. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. मोबाईल गेम घेताना वयाची खूण पाहा : ३+, ७+, १२+, १६+, १८+. खेळणाऱ्यांत जो सर्वांत लहान, त्याच्या वयाला चालेल तोच गेम निवडा.

किती वेळ खेळावे?

- २ वर्षांखाली : पडदा नकोच.
- २ ते ५ वर्षे : दिवसाला जास्तीत जास्त १ तास, मोठ्यांसोबत. त्यात टीव्हीही आला.
- ५ ते १० वर्षे : सगळे पडदे मिळून २ तासांपेक्षा कमी.
- त्यापुढे : झोप, अभ्यास, जेवण आणि रोजचा एक तास मैदानी खेळ झाल्यावर उरलेल्या वेळात.

दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहा. झोपण्याच्या किमान एक तास आधी खेळ थांबवा. वेगवान गेमनंतर मेंदू लगेच शांत होत नाही. अंगठा किंवा मनगट दुखू लागले तर काही दिवस गेम बंद ठेवा.

छंद की आजार?

जागतिक आरोग्य संघटनेने गेमचे व्यसन आजारांच्या यादीत घेतले आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा गेम मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण वर्षभर चालू असेल तर आजार म्हणतात. त्रास तीव्र असेल तर त्याआधीही. मुलाला मारून किंवा फोन फोडून हे सुटत नाही. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.

लक्षात ठेवा

पेन्सिल सेल, स्क्रूचे झाकण, आयएसआय चिन्ह, कमी चमक, कमी-जास्त होणारा वेग आणि सर्वांना पाळी मिळेल असा खेळ, एवढे पाहून गेम घ्या. घरात बटण बॅटरीच्या वस्तू असतील तर रिमोट, घड्याळ, वजनकाटा आणि खेळण्यांची झाकणे आज एकदा तपासा. सुट्या बॅटऱ्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, कुलपात ठेवा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराबाबत निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.