सूचीबाहेरची माणसे

अ‍ॅलेक्स हेली यांच्या 'रूट्स' (१९७६) या ग्रंथाच्या शेवटाकडे एक साधाच प्रसंग आहे. लेखक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसून नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अलामान्स काउंटीच्या जनगणनेची मायक्रोफिल्म रिळामागून रीळ फिरवून पाहत आहे. डोळे थकत आलेले असताना अचानक त्याच्यासमोर टॉम मरे हे नाव येते. वर्ण काळा, व्यवसाय लोहारकाम. त्याखाली त्याच्या बायकोचे व मुलांचे नाव. टेनेसीतील हेनिंग गावी लहानपणी आजीच्या तोंडून ज्यांच्या गोष्टी ऐकल्या ती माणसे सरकारी कागदावर खरोखरच नांदत होती. मौखिक परंपरा आणि लेखी पुरावा यांची गाठ पडण्याचा हा क्षण कौटुंबिक इतिहासाच्या शोधात निघालेल्या प्रत्येकाला हवासा वाटतो.

त्या रिळावरील जनगणना १८७० सालची होती, आणि हे साल योगायोगाने आलेले नाही. यादवी युद्धानंतरची ही पहिली अमेरिकी जनगणना. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांची नावे राष्ट्रीय जनगणनेत सरसकट लिहिली गेली ती प्रथम येथेच. त्याआधी १८५० व १८६० साली गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या होत्या. परंतु त्यांत नाव असे ते मालकाचे. त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग, वर्ण एवढेच. १८६० साली अशा माणसांची संख्या साडेएकोणचाळीस लाखांच्या घरात होती. एवढी माणसे मोजली गेली, पण त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. आफ्रिकी-अमेरिकी वंशावळीचे अभ्यासक या अडसराला '१८७०ची भिंत' म्हणतात. गेल्या काही वर्षांत या भिंतीला जी फट पडू लागली आहे तिचा विचार येथे करायचा आहे; कारण ती केवळ तंत्रज्ञानाची बाब नसून दस्तऐवज कसे वाचावेत याविषयीचा एक मूलगामी प्रश्न तिच्यातून पुढे येतो.

भिंतीपलीकडे नावे मुळीच नव्हती, असे नाही. गुलाम माणूस कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता होता, म्हणून तो मालमत्तेच्या कागदांत सापडतो: मृत्युपत्रांत, मृताच्या चीजवस्तूंच्या मूल्यांकन-याद्यांत, खरेदीखतांत, गहाणखतांत, भाऊबंदकीच्या दाव्यांत. तेथे सॅरा असते, हॅरी असतो, बहुधा आडनावावाचून, आणि नावापुढे डॉलरचा आकडा असतो. हे कागद काउंटीच्या न्यायालयांत शाबूत होते. पण त्यांची सूची केली जाई ती मृत्युपत्र करणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या वा विकत घेणाऱ्याच्या नावाने. म्हणजे आपल्या पणजीच्या आजीला शोधायचे तर आधी तिच्या मालकाचे नाव ठाऊक हवे. ते ठाऊक नसेल तर ती कागदावर असूनही नाही. सूची ही आपण निरुपद्रवी सोय समजतो; वस्तुतः कागदावरील कोणते माणूस महत्त्वाचे आणि कोणते आनुषंगिक, याचा तो आधीच दिलेला निवाडा असतो.

आजच्या ऑनलाइन वंशशोधाचा पाया ज्या संग्रहांनी घातला, त्यांनाही हा निवाडा वारसाहक्काने मिळाला. मॉर्मन चर्चने १८९४ साली यूटामध्ये वंशावळींसाठी एक संस्था काढली. दिवंगत पूर्वजांसाठी धर्मविधी करता यावेत म्हणून त्यांची नावे हवीत, ही त्यामागची श्रद्धा. १९३८ पासून संस्थेने देशोदेशींच्या नोंदवह्यांचे मायक्रोफिल्म-चित्रण आरंभिले आणि सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात कोठार खोदून रिळे जपली. १९९९ साली 'फॅमिलीसर्च' हे संकेतस्थळ आले. २०१७ साली रिळे टपालाने मागविण्याची पद्धत बंद झाली. २०२१ साली सुमारे चोवीस लाख रिळांचे संगणकीय चित्रण पुरे झाले. परंतु चित्र म्हणजे वाचन नव्हे. पडद्यावर आलेले पान जोवर कोणी वाचत नाही, तोवर ते डोंगरातल्या रिळाइतकेच मुके असते.

वाचण्याचे काम प्रथम माणसांनी केले. स्वयंसेवक घरी बसून पानांवरील नावे टंकित करीत. एकच पान दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निर्णय द्यायचा, अशी त्यांची शिस्त होती. १९४० सालची अमेरिकी जनगणना ७२ वर्षांच्या गोपनीयतेनंतर २०१२ साली खुली झाली, तेव्हा दीड लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी काही महिन्यांत तिची सूची पुरी केली. याच रीतीने 'फ्रीडमेन्स ब्यूरो'चे कागद वाचले गेले. मुक्त झालेल्या माणसांना अन्न, औषध, शाळा, मजुरीचे करार आणि विवाहनोंदी यांसाठी साह्य करणारे हे सरकारी खाते १८६५ ते १८७२ पर्यंत चालले. त्याच्या कागदांच्या सूचीचा उपक्रम गुलामगिरीच्या अंताचा स्मरणदिन म्हणून पाळल्या जाणाऱ्या १९ जून रोजी २०१५ साली जाहीर झाला आणि वर्षभरात सुमारे अठरा लाख नावे शोधता येऊ लागली. हे कागद भिंतीच्या अगदी पायथ्याशी असल्यामुळे त्यांचे मोल मोठे. त्यांत माणसाचे स्वतःचे नाव असते आणि कधी कधी पूर्वीच्या मालकाचेही.

२०२२ साली १९५०ची जनगणना खुली झाली तेव्हा चित्र पालटले होते. हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्राने पहिली कच्ची सूची अल्पावधीत तयार केली आणि माणसांकडे मुख्यत्वे तपासणीचे काम उरले. तरीही ही सूचीच होती. खरा बदल फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. त्या महिन्यात 'फॅमिलीसर्च'ने अमेरिकेतील जमिनीचे व वारसाहक्काचे दस्तऐवज आणि मेक्सिकोतील नोटरींचे कागद यांवर संपूर्ण मजकुराच्या शोधाची सोय प्रयोगादाखल सुरू केली. येथे यंत्र केवळ नावाचा रकाना वाचीत नाही; ते पानावरील प्रत्येक ओळ वाचते आणि कोणताही शब्द शोधू देते.

या फरकाचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावयास हवे. सूचीत मृत्युपत्राला एकच नाव असे, करणाऱ्याचे. पूर्ण मजकुरात वारस, साक्षीदार, शेजारच्या शेताचा धनी, कारकून आणि वाटणीत मुलीकडे गेलेली सॅरा ही सारी एकाच पातळीवर येतात. अक्षरे वाचणाऱ्या यंत्राला मालक आणि मालमत्ता यांतला भेद कळत नाही, आणि या ठिकाणी त्याचे हे अज्ञानच उपकारक ठरते. सूचीकाराच्या नजरेत जी प्रतिष्ठेची उतरंड होती ती यंत्राकडे नाही. मालकाचे नाव ठाऊक नसतानाही सॅरा, तिच्या मुलाचे नाव आणि काउंटी एवढ्या धाग्यावर पान उघडू शकते.

पण पान उघडल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतो. आणि तेथे साहित्याच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. अशा मृत्युपत्रांत गुलाम स्त्रीच्या नावापुढे 'आणि तिची भावी वाढ' अशा अर्थाचे शब्द येतात. ही 'वाढ' म्हणजे तिला पुढे होणारी मुले. पशुधनाविषयी वापरायचा शब्द माणसाच्या अपत्यांना लावला आहे. आणि तो लेखनिकाच्या निष्ठुरपणामुळे आलेला नसून कायद्याची परिभाषा म्हणून आलेला आहे. मूल आईची स्थिती घेऊन जन्मते, असे व्हर्जिनियाच्या कायद्याने १६६२ सालीच ठरवून टाकले होते. यंत्र हा शब्द अचूक वाचू शकेल. परंतु आपली खापरपणजी या एका शब्दात जन्मापूर्वीच कोणाला तरी देऊन टाकलेली आहे, हे वाचकालाच वाचावे लागते. मूल्यांकनाच्या यादीतही तेच. वर बैल, खाली नांगर आणि मधे माणूस, हा क्रम म्हणजेच त्या कागदाचा आशय आहे. शोधातून आलेली एकच ओळ उचलणाऱ्याच्या हाती नाव लागते, पण हा आशय निसटतो.

दुसरी सावधगिरी पुराव्याची. 'रूट्स'च्याच उदाहरणाने ती नीट कळेल. हेली यांच्या कथनानुसार त्यांचा मूळपुरुष कुंटा किंटे १७६७ साली 'लॉर्ड लिगोनिअर' या जहाजातून अमेरिकेत आला आणि वॉलर कुटुंबात टोबी या नावाने राहिला. गॅरी मिल्स व एलिझाबेथ शोन मिल्स या अभ्यासकांनी १९८१ साली दाखवून दिले की, वॉलर कुटुंबाच्या कागदांत टोबी हे नाव १७६२ सालीच येते. म्हणजे जहाज लागण्याच्या पाच वर्षे आधी. नाव सापडले म्हणून माणूस सापडला असे होत नाही. आज यंत्र क्षणार्धात शेकडो टोबी समोर ठेवते, आणि संकेतस्थळे 'हा तुमचा पूर्वज असू शकेल' अशा सूचनाही आपण होऊन पाठवितात. एकाने घाईने जोडलेला टोबी दुसरा उतरवून घेतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि पुनरुक्तीलाच पुराव्याची कळा येते. शोध जितका सुलभ, तितकी नकार देण्याची सवय अधिक लागते.

तिसरी अडचण वंशवृक्षाच्या आराखड्यातच आहे. वंशावळीची माहिती एका संगणकातून दुसऱ्यात नेण्यासाठी १९८०च्या दशकात 'जेडकॉम' नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अपत्ये. ज्यांच्या विवाहाला कायदा विवाह मानीत नव्हता आणि ज्यांची मुले विकली जाऊ शकत होती, त्यांचे जीवन या चौकटीत कसे बसावे? विक्री ही घटना त्या कुटुंबांच्या इतिहासात जन्ममृत्यूइतकीच निर्णायक होती. तिच्यासाठी मात्र वंशवृक्षाला फांदी नाही. ताटातूट झालेल्या आप्तांच्या शोधासाठी मुक्त माणसांनी युद्धानंतर अनेक दशके वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या 'लास्ट सीन' या प्रकल्पाने २०१७ पासून त्या संकलित करून ऑनलाइन वाचावयास ठेवल्या आहेत. आईला शेवटचे कोठे पाहिले, तिला कोणी नेले, भावंडांची नावे काय, हे सारे त्यांत मुलांनीच सांगितलेले असते. मालकाच्या मृत्युपत्रातील सॅरा आणि लेकराने शोधलेली सॅरा या एकच असल्या, तरी दोन कागदांतील त्यांचे अस्तित्व किती भिन्न! एका कागदात तिची किंमत आहे, दुसऱ्यात तिची वाट पाहणारे कोणी आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचे काम कोणतीही सोय आपल्यावतीने करणार नाही.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. यूटाच्या संस्थेने हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांचेही चित्रण केले आहे. आपल्या घराण्यांच्या कुलवृत्तान्तांची परंपराही मोठी आहे. पण या वह्या आणि हे वृत्तान्त यांचा कणा पुरुषनामांचा. लग्नानंतर जिचे नावच बदलले ती स्त्री तेथे बहुधा कोणाची तरी भार्या म्हणून उरते आणि माहेरच्या शाखेत तिची वाट खुंटते. पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणींचे, म्हणजे दासींचे, उल्लेख आहेत. त्यांची खरेदी-विक्री होई आणि किंमत लिहिली जाई. परंतु दप्तरे लावली गेली ती सरदारांच्या, इनामांच्या आणि महालांच्या नावाने. सूचीचा निवाडा येथेही तोच.

हे कागद मोडीत आहेत. कलम न उचलता धावणारी, शब्दांत अंतर न सोडणारी, ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळणारी ही लिपी यंत्राला रोमन हस्ताक्षराहून बिकट आहे. यंत्र शिकते ते माणसाने अचूक वाचून दिलेल्या पानांवरून; आणि मोडी सराईतपणे वाचणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. म्हणून आज मोडी शिकणारा विद्यार्थी गतकालाच्या हौसेपायी काही करतो आहे असे कोणी समजू नये. त्याने बिनचूक लिप्यंतरित केलेले प्रत्येक पान उद्याच्या यंत्राचा धडा आहे. तो धडा केवळ तहनामे आणि सनदा यांच्यापुरता राहिला, तर यंत्रही तेवढेच वाचायला शिकेल. यादीच्या तळाशी दोन रुपयांच्या लुगड्याच्या खर्चात जिचे नाव आले आहे तीही त्या धड्यात असावी, एवढी काळजी मात्र आपण आजच घ्यायला हवी.

टॉम मरेपर्यंत पोहोचायला हेली यांना रिळे फिरवावी लागली. आज ते नाव टंकित केले की क्षणात समोर येईल. मात्र हेली यांनी रिळाला हात लावला तो आजीने ते नाव आधी सांगून ठेवले होते म्हणून. ज्यांचे नाव सांगायला कोणी आजी उरली नाही त्यांच्यासाठी आता पान स्वतःच बोलू लागले आहे. ते ऐकताना ओळीच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, एवढे पाहण्याचा धीर मात्र वाचणाऱ्यापाशी हवा.