तंजावरचा किनारा : मराठी इतिहासाची एक दुर्लक्षित वाट

तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर जाणारा मराठी प्रवासी बहुधा रामेश्वरच्या ओढीने जातो. वाटेत तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले की मराठ्यांच्या दक्षिणेतील राज्याचे दर्शन घडले, असे त्याला वाटते. परंतु तंजावरचे राज्य केवळ कावेरीच्या भातखाचरांवर उभे नव्हते. त्याला समुद्र होता, बंदरे होती आणि त्या बंदरांवर डोळा ठेवून आलेले पाहुणेही होते. हा किनारा पाहिल्यावाचून तंजावरच्या भोसले घराण्याचा इतिहास अपुरा राहतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

या प्रवासाचा आरंभ तरंगंबाडीपासून करणे सोयीचे. रघुनाथ नायकाच्या अनुमतीने १६२० मध्ये डॅनिश व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली आणि डान्सबोर्ग हा किल्ला बांधला. पिवळसर भिंतींचा हा किल्ला आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १७०६ मध्ये येथे उतरलेल्या झीगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाने मुद्रणालय उभारून तमिळ नवा करार छापला. १८४५ मध्ये डॅनिशांनी हे ठाणे इंग्रजांना विकले. पर्यटकांना सांगितली जाणारी कथा येथे संपते. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत केल्यानंतर डॅनिशांची वार्षिक खंडणी मराठी दरबारात येऊ लागली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. किल्ला परकीयांचा असला तरी जमीन तंजावरकरांची होती.

तरंगंबाडीपासून दक्षिणेस नागपट्टणमपर्यंतचा सुमारे ३५ किलोमीटरचा पट्टा एका दिवसात पाहून होतो. एवढ्या लहान पट्ट्यात डॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा पाच युरोपीय सत्तांच्या खुणा आढळतात. तंजावरच्या गादीवरील तंट्याचा लाभ घेऊन फ्रेंचांनी १७३९ मध्ये कारैकल मिळवले. तसाच तंटा निमित्त करून इंग्रजांनी १७४९ मध्ये कोळ्ळिडम नदीच्या मुखाजवळील देवीकोट्टै घेतले. नागपट्टणम १६५८ मध्ये पोर्तुगीजांकडून डचांकडे आणि १७८१ मध्ये डचांकडून इंग्रजांकडे गेले. घरातील कलहाची किंमत बंदरे देऊन चुकवावी लागते, हा धडा या किनाऱ्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे वाचावयास मिळतो.

तथापि केवळ गमावल्याचीच नोंद करणे न्याय्य होणार नाही. नागपट्टणमच्या उत्तरेस नागूर येथे सोळाव्या शतकातील सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. त्याच्या पाच मिनारांपैकी सर्वांत उंच, १३१ फुटांचा मिनार तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी (कारकीर्द १७३९–१७६३) बांधविला. समुद्रावरून येणाऱ्या नावाड्यांना तो दुरूनच दिसतो. मराठी राजाने उभारलेला मिनार, तमिळ मुसलमान खलाशांची श्रद्धा आणि नवस फेडावयास येणारे हिंदू यात्रेकरू यांचा येथे झालेला मेळ कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक बोलका आहे.

आणखी दक्षिणेस, मल्लिपट्टणमजवळ, दुसऱ्या सरफोजीराजांचा ‘मनोरा’ आहे. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ १८१४–१५ मध्ये तो बांधला गेला. षट्कोनी आकाराची ही आठ मजली वास्तू आहे. तिचा संबंध सरसकट वॉटर्लूशी जोडला जातो. परंतु वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली, तर नेपोलियनची पहिली पदच्युती एप्रिल १८१४ मधील आहे. बांधकामाचे वर्ष पाहता मूळ निमित्त ही पहिली पदच्युतीच असावी, असे अनुमान करता येते.

या मनोऱ्याकडे केवळ इंग्रजांची खुशामत म्हणून पाहणे सोपे आहे. १७९९ च्या तहाने सरफोजींकडे तंजावरचा किल्ला आणि परिसर एवढाच अधिकार उरला होता. ज्या राजाला सैन्य ठेवता येत नाही, त्याने विजयस्तंभ उभारावा यात विसंगती आहे खरी. मात्र याच राजाने १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून रामेश्वरच्या वाटेवरील अन्नछत्रे आपल्याकडेच ठेवावीत, असा आग्रह धरला होता. सैन्य आणि महसूल गेला तरी वाटसरूला अन्न देण्याचा अधिकार त्याने सोडला नाही. राजपदाचा अर्थ त्याने कोठे शोधला, हे ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्राच्या ओवरीत उभे राहिले म्हणजे उमगते. मनोरा आणि छत्र एकत्र पाहिल्याशिवाय सरफोजींविषयी निर्णय देऊ नये.

हा वारसा चिरस्थायी नाही. तरंगंबाडीचे मासिलामणिनाथ मंदिर चौदाव्या शतकाच्या आरंभीचे. त्याचा पुष्कळसा भाग समुद्राने गिळला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. येथील वाळूवर चालताना त्या मृतांचे स्मरण ठेवणे हेही इतिहासाच्या वाचकाचे कर्तव्य आहे.

दुसरी झीज अधिक संथ, परंतु तितकीच गंभीर आहे. तंजावर दरबाराचे कागद मोडी लिपीत आहेत आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. डॅनिश, डच आणि फ्रेंच दप्तरांचे वाचक त्या त्या देशांत आहेत. आपल्या कागदांचे वाचक आपणच घडविले पाहिजेत. अन्यथा या किनाऱ्याची कथा इतरांच्याच दप्तरांतून सांगितली जाईल आणि तीत मराठी दरबार केवळ खंडणी घेणारा एक निनावी राजा म्हणून उरेल. रामेश्वरला निघालेल्या मराठी अभ्यासकाने म्हणूनच दोन दिवस या किनाऱ्यासाठी राखून ठेवावेत, आणि परतताना मोडी शिकण्याचा संकल्प बरोबर आणावा.