जांभळ्या पानांची साक्ष

मत्तयच्या शुभवर्तमानातील निदणाचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, या भीतीने घरधनी आपल्या दासांना कापणीपर्यंत थांबावयास सांगतो. त्या दाखल्यातील निदण हे गव्हासारखे दिसणारे, पण गव्हाशी संकर न होणारे वेगळेच गवत होते, असे अभ्यासक मानतात. परंतु तण जर पिकाचे सख्खे नातलग असेल तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या छत्तीसगडातील भातशेतीच्या इतिहासात मिळते. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपण खातो तो भात माणसाने हजारो वर्षांपूर्वी रानभातातून घडविला. रानभाताचा दाणा पिकताच झडून मातीत पडतो आणि पुढच्या पावसात आपोआप उगवतो. माणसाने मात्र दाणा लोंबीवर धरून ठेवणारी रोपे निवडली आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच पेरली. अशा रीतीने शेत आणि रान वेगळे झाले, तरी रक्ताचे नाते तुटले नाही. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. पण बांधापलीकडच्या रानभातावर शेतातील परागाचा एखादा कण पडला, तर त्या दाण्यातून दोघांचेही गुण असलेले रोप उगवू शकते.

छत्तीसगड त्या काळी मध्यप्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर होती. तेथे भात फोकून पेरण्याची रीत होती आणि शेतात रानभात माजत असे. शेतकरी त्याला ‘करगा’ म्हणतात. कोवळेपणी करगा आणि भात यांत फरक ओळखणे जवळजवळ अशक्य असते. लोंबी आल्यावर तो ओळखू येतो, पण तोवर त्याने खत, पाणी आणि जागा बळकावलेली असते. कापणीपूर्वीच त्याचे दाणे झडतात आणि पुढल्या वर्षाची पेरणी तो स्वतःच उरकून घेतो.

यावर प्रांतातील कृषिसंशोधकांनी एक सुरेख तोड काढली. त्यांनी जांभळ्या पानांचे भाताचे वाण शेतकऱ्यांना दिले. पीक जांभळे आणि करगा हिरवा, असे झाल्यावर निंदणी करणाऱ्या बाईने हिरवे ते उपटावे, जांभळे ते राखावे, इतके काम सोपे झाले. बी. बी. दवे यांनी १९४३ साली या प्रश्नावर आणि त्याच्या उपायावर लेख लिहिला. तो आजही या विषयाच्या अभ्यासकांना आधारभूत वाटतो.

पुढे जे घडले ते मात्र विलक्षण होते. काही हंगामांतच करगाही जांभळा दिसू लागला. जांभळ्या पिकाचा पराग त्याच्यावर पडला होता आणि त्यातून जांभळ्या पानांचा, पण दाणे झाडणारा करगा जन्मला होता. असा संकर फार थोडा होतो. परंतु निंदणाऱ्या हातांनी दरवर्षी हिरवा करगा वेचून काढला आणि जांभळा तेवढा राखला. जी खूण ओळख पटविण्यासाठी दिली, तिचाच वेश तणाने चढविला, आणि तो त्याच्या अंगावर टिकविला तो आपल्याच हातांनी.

या देवघेवीत रानाचेही नुकसान होते. तैवान बेटावरील रानभात विसाव्या शतकात क्षीण होत गेला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले, की त्याची वस्तीची जागा नष्ट होत होती आणि शेजारच्या शेतांतील पराग त्याच्यात सतत मिसळत होता. हळूहळू तो शेतातील भातासारखा दिसू लागला, त्याची फळण्याची शक्ती घटली आणि अखेर मूळ रानभात तेथून नाहीसा झाला.

रानटी गवत गेले तर आपले काय गेले, असे कोणी विचारील. १९७०च्या दशकात आग्नेय आशियातील भातावर तुडतुड्यांमार्फत पसरणारा एक विषाणुरोग आला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या रानभाताच्या एका नमुन्यात. तो गुण घेऊन गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेले ‘आयआर ३६’ हे वाण १९७६ साली बाहेर पडले आणि १९८०च्या दशकात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर पिकले. कोट्यवधी घरांतील अन्न त्या दुर्लक्षित गवताच्या ऋणात आहे.

हा इतिहास आज आठवण्यास कारण आहे. अमेरिकेत २००२ पासून तणनाशकाला न जुमानणारा भात पेरला जाऊ लागला आणि काही वर्षांतच तोच गुण तेथील तणभातातही आढळला. २०२१ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तणनाशक सोसणारी बासमतीची दोन वाणे जाहीर केली. मजुरी आणि पाणी वाचविणारे हे संशोधन शेतकऱ्याच्या सोयीचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पानाचा रंग जसा बांध ओलांडून गेला, तसा हा गुणही जाऊ शकतो. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने ही गोष्ट आधीच अनुभवली आहे.

आपल्या कोकणपट्टीतही तळ्यांच्या काठी रानभात उगवतो. आपले हिंदू शेजारी त्याला ‘देवभात’ म्हणतात आणि नांगराविना पिकलेले धान्य म्हणून ऋषिपंचमीला तो शिजवितात. कोणी पेरत नाही आणि कोणी राखत नाही, असे हे धान्य आहे. एखादे तळे बुजविताना, बांध साफ करताना, तेथे काय उगवते आहे ते आपण क्षणभर थांबून पाहावे. दाखल्यातील धन्याने उपटण्याची घाई करू दिली नाही. कोणते रोप पुढे कामी येईल, हे उपटणाऱ्या हाताला आधी ठाऊक नसते.