'ब्रेटन' या नावाची कुळकथा

'ब्रिटिश' म्हटले की आपणा मराठी वाचकांस राज्यकर्ते आठवतात. फ्रान्सच्या वायव्य टोकाशी, ब्रिटनी प्रांतात राहणारे ब्रेटन लोकही याच नावाचे वारसदार होत, हे सहसा ध्यानी येत नाही.

नावाचे मूळ इ. स. पू. चौथ्या शतकापर्यंत मागे जाते. ग्रीक दर्यावर्दी पिथियस याचे प्रवासवृत्त लुप्त झाले; परंतु त्याचा आधार घेणाऱ्या ग्रंथकारांनी 'प्रेटानिके' हे या बेटांचे नाव जपले. वेल्शमधील 'प्रीद' व आयरिशमधील 'क्रुथ' (दोहोंचा अर्थ रूप, आकृती) हे शब्द त्याच्याशी ताडून 'अंगावर आकृती रंगविणारे वा गोंदविणारे लोक' असा अर्थ अनेक भाषाशास्त्रज्ञ लावतात. लॅटिनमध्ये 'प'चा 'ब' होऊन 'ब्रिटानिया' व 'ब्रित्तोनेस' ही रूपे रूढ झाली. 'ब्रेटन' हे त्यांतूनच आले.

मध्ययुगात याच नावास निराळे अर्थ चिकटविले गेले. सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलच्या इसिदोरने ते लॅटिन 'ब्रुतुस' म्हणजे 'जड, मूढ' या शब्दाशी जोडणारे मत नोंदविले. बाराव्या शतकात मॉनमथच्या जेफ्रीने ब्रूटस नावाचा ट्रोजन वंशज मूळपुरुष म्हणून उभा केला. दोन्ही व्युत्पत्ती अशास्त्रीय खऱ्या. पण एकीत तुच्छता आहे, तर दुसरीत कुलाभिमान. आम्हांस त्या याचसाठी मोलाच्या वाटतात.

पाचव्या-सहाव्या शतकांत बेटावरील ब्रिटन लोक खाडी ओलांडून आर्मोरिकात, म्हणजे 'समुद्राकाठच्या' प्रदेशात, वसले आणि आपले नाव त्या भूमीस देते झाले. मागे राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांस अँग्लो-सॅक्सनांनी 'वेल्श', म्हणजे परके, ठरविले. पुढे 1707 मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या एकत्रित राज्यास 'ग्रेट ब्रिटन' हे नाव मिळाले. जेत्यांच्या वंशजांनी जितांचेच नाव धारण केले! इकडे ब्रिटनी 1532 मध्ये फ्रान्सला जोडली गेली, आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत तेथील मुलांना शाळेत ब्रेटन बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागल्या. एकच नाव एका तीरावर साम्राज्याचे बिरुद झाले, दुसऱ्या तीरावर लज्जेचे कारण.

म्हणून शब्दाचा धातू सापडला की शोध संपला, असे आम्ही मानीत नाही. तो शब्द कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या बळावर उच्चारला, हेही पाहावे लागते. 1977 मध्ये ब्रेटन माध्यमाची पहिली 'दिवान' शाळा निघाली. आपल्या कानांस हा शब्द दरबारी वाटेल. ब्रेटनमध्ये त्याचा अर्थ आहे 'अंकुर'.