शाळा कुरणात गेली तेव्हा

परवा भाची घरी आली होती. मुंबईतल्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये ती 'लर्निंग सपोर्ट' विभागात आहे. म्हणजे नक्की काय करतेस, असं मी विचारलं. (आम्हां कसारेकरांना सपोर्ट म्हणजे घाट चढताना गाडीला लावतात ते बँकर इंजिन!) ती म्हणाली, "मामा, मूल मागे पडलं की आम्ही आधी विचारतो, अडतंय कुठे? झोप, घरचं वातावरण, भाषा, अक्षरांचा गोंधळ, सगळं बघतो. मग त्याच्यासाठी शिकवायची पद्धत बदलतो."

"हे तर कोसबाडला कधीच झालंय," मी म्हटलं. तिला कोसबाड माहीत नव्हतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

कोसबाड म्हणजे डहाणू तालुक्यातली एक टेकडी. कसाऱ्याहून खोडाळा, जव्हार करत तिकडे जाता येतं. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही सगळे एकाच ठाणे जिल्ह्यातले. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम करून आलेल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पण ती बालमंदिरं शेवटी शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांची. खेड्यातल्या गरीब मुलाचं काय, हा प्रश्न घेऊन ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या! त्यांना तिथे येऊन मिळाल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग हट्टाने शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी. ती सोडून त्या आल्या आणि पुढे जन्मभर तिथेच राहिल्या. त्यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा.

बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली ती मुलंच येईनात. इथे दुसरा कुणी म्हणाला असता, ह्यांना शिक्षणाची गोडीच नाही. (हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.) ह्या दोघींनी मात्र उलट केलं. मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या वस्तीत न्यायची, कुणाच्या तरी अंगणात भरवायची. ती अंगणवाडी. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि ह्याच नावाच्या अंगणवाड्या देशभर निघाल्या.

१९५७च्या सुमारास काम कोसबाडला, वारल्यांच्या पाड्यांत गेलं. तिथे अडचणी आणखी खोल. मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंड आहे. मग शाळेला जोडून पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा असं सगळं एका ठिकाणी आणलं, त्याचं नाव विकासवाडी. मुलगा येत नाही, कारण तो गुरं घेऊन रानात आहे. मग शिक्षकच कुरणात गेले. ती कुरणशाळा. गुरं चरताहेत, बाजूला धडा चाललाय! माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, खडे, बांबूचे तुकडे ह्यांवर मोजणी शिकवली. पुस्तकी मराठी मुलांना परकी, तर त्यांच्या बोलीतून सुरुवात केली. आणि आधी आंघोळ, नखं, केस. भाचीच्या शाळेत ह्याला 'वेलबीइंग' म्हणतात.

हे काम ज्या वर्षी सुरू झालं त्या वर्षाकडेही बघायला हवं. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला, म्हणजे आमच्या कसारा लाइनवरच, किसान सभेची परिषद झाली. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली डहाणू-तलासरी भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायचे. लग्नगडी म्हणत त्यांना. अशा घरातलं मूल शाळेत लक्ष देत नाही म्हणून त्याचा कान पिरगाळणं... असो. दोन्ही कामांचे रस्ते अगदी वेगळे होते, पण मला ती एकमेकांशेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

नंतर सरकारी धोरणाचा भर आश्रमशाळांवर आला. म्हणजे शाळेने पाड्यावर जाण्याऐवजी पोर पाड्यावरून उचलून शाळेत आणायचं. आश्रमशाळा नसती तर शहापूर-मुरबाडची कित्येक मुलं शिकलीच नसती, हे मान्य. पण सहा-सात वर्षांचं पोर आईविना रात्री कसं झोपत असेल, हा प्रश्न कोसबाडला पडला असता.

आणि भट्ट्यांचं काय? दिवाळी झाली की आमच्याकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरं बरोबरच. १९९०च्या दशकात विधायक संसद ह्या संघटनेने भट्टीवरच 'भोंगाशाळा' काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. मला ती कुरणशाळेचीच नात वाटते.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता, मागच्या बाकावरचा. सतराचा पाढा येत नाही म्हणून रोज उभा. पण हजारी विटांचा भाव सांगितला की साडेसात हजारांचे किती, हे तोंडी सांगायचा. आम्हांला ती गंमत वाटायची, गुरुजींना आगाऊपणा. हा हिशेब येतो तर पाढा का येत नाही, असं त्याला कुणी विचारलं नाही.

"मग त्याचं पुढे काय झालं?" भाचीने विचारलं.

पाचवीच्या दिवाळीनंतर तो आलाच नाही. हजेरीत नाव मात्र वर्ष संपेपर्यंत होतं. गुरुजी रोज पुकारायचे आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "भट्टीवर गेलाय!"