काचेतील पाणी आणि वॉरिंग्टन घराणे

मासे, मुळे धरून वाढणाऱ्या पाणवनस्पती, तळाशी पसरलेली वाळू किंवा माती आणि या सर्वांच्या देवघेवीवर स्वच्छ राहणारे पाणी अशी घडण असलेल्या काचेच्या टाकीला वनस्पतियुक्त मत्स्यालय, किंवा हौशी मंडळींच्या बोलीत प्लँटेड टँक, म्हणतात. या वस्तूची कुळकथा काचेपासून नव्हे, पाण्यापासून सुरू करावी लागते; कारण काचेचे भांडे आणि त्यात पोहणारा मासा या दोन्ही गोष्टी पुष्कळ आधी अस्तित्वात होत्या, परंतु कोंडलेले पाणी नासते का आणि ते नासू नये म्हणून काय करावे, या प्रश्नांची उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळत गेली. त्यांतील तीन महत्त्वाची उत्तरे इंग्लंडमधील एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांशी निगडित आहेत, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट होय. म्हणून येथे कुळकथा हा शब्द शब्दशः घेण्यास हरकत नाही.

चीनमध्ये सोनमासे पाळण्याची प्रथा सोंग राजवटीइतकी जुनी असून मिंग काळात ते तळ्यांबरोबरच भांड्यांतूनही ठेवले जाऊ लागले. १७व्या शतकात युरोपातही काचपात्रातील मासे पाहिल्याच्या नोंदी सापडतात. या सर्व पात्रांचा नियम मात्र एकच होता: पाणी वारंवार बदलावे लागे, आणि बदलण्यात हयगय झाली की मासे मरत. या कोंडीतून बाहेर पडण्याची पहिली वाट माशांच्या नव्हे, तर हवेच्या अभ्यासातून निघाली. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये असे दाखवले की, मेणबत्ती जळून निकामी झालेली बंदिस्त हवा पुदिन्याची डहाळी आत ठेवल्यास काही दिवसांनी पुन्हा ज्वलनास योग्य होते. आणि यान इंगेनहूस यांनी १७७९ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली ती अशी, की हे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात व तेही प्रकाश असतानाच. पुढे लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या ध्यानात आले की, बंद काचपात्रात नेचे आणि इतर रोपे दीर्घकाळ जगतात; १८३३ मध्ये अशा बंद पेट्यांतून रोपे थेट ऑस्ट्रेलियास रवाना झाली, आणि काचेआड एक लहानसे स्वयंपूर्ण जग उभारता येते ही कल्पना लोकांच्या मनात रुजली.

हीच कल्पना पाण्यात उतरवणारे रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) हे व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होते. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी स्थापन होण्यात त्यांचा पुढाकार होता आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनेच्या अपॉथेकरीज हॉल या वास्तूत ते काम करीत. १८४९ मध्ये त्यांनी सुमारे बारा गॅलनांच्या, म्हणजे पन्नासेक लिटरच्या काचपात्रात झऱ्याचे पाणी, वाळू, चिखल आणि दगड घालून दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया या लांब, फितीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीचे एक रोप ठेवले. मासा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती तो घेऊन प्राणवायू परत करते, तेव्हा दोघांचा हिशेब परस्पर जुळावा, अशी त्यामागील मांडणी होती. काही काळ तो जुळलाही. परंतु व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवे शेवाळ चढले, आणि प्रयोग फसण्याच्या बेतात आला.

या क्षणी वॉरिंग्टन यांनी पाणी बदलले असते, तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. त्याऐवजी त्यांनी निसर्गातील तळ्यात कुजलेल्या पानांचे काय होते हा प्रश्न स्वतःला विचारला आणि पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजका पाला व शेवाळ खाऊन पाणी निवळले, एवढेच नव्हे तर त्यांची अंडी माशांना अन्न म्हणून मिळू लागली. मार्च १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी प्राणी आणि वनस्पती यांच्या संबंधातील हा तोल मांडला. मासा आणि वनस्पती या दोघांच्या व्यवहारात सफाई करणारा तिसरा भागीदार लागतो, हा त्या निबंधाचा गाभा असून आज काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी गोगलगायी किंवा कोळंबी सोडणारा प्रत्येक मत्स्यपालक नकळत त्याच निबंधाचा आधार घेत असतो.

वस्तू तयार झाली तरी तिला नाव नव्हते. सिसिलीतील मेसिना येथे जान व्हिलप्रू-पॉवर यांनी १८३०च्या दशकातच सागरी जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या वापरल्या होत्या, आणि इंग्लंडमध्ये जिवंत प्राणी ठेवण्याच्या जागेस ‘व्हिव्हेरियम’ म्हणण्याचा प्रघात होता. निसर्गलेखक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मधील आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘अक्वेरियम’ हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. १८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरचा कर उठल्याने काच स्वस्त झाली होती, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले होते, आणि जर्मनीत एमिल आडोल्फ रॉसमेसलर यांनी १८५६ मधील लेखाने गोड्या पाण्याच्या काचपेटीची आवड घराघरांत पोहोचवली.

परंतु वॉरिंग्टन यांच्या हिशेबात एक रक्कम राहून गेली होती. मासा केवळ कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेच्या कुजण्यातून अमोनिया हे नत्रयुक्त विष पाण्यात मिसळते. हे विष कोठे जाते, याचे उत्तर मत्स्यालयात नव्हे, तर शेतीत आणि सांडपाण्यात सापडले. १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लोझिंग आणि म्युंट्झ या शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही, आणि मग बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनियाची जागा नायट्रेट घेऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, आणि ताज्या मातीची निवळी घातल्यावर पुन्हा सुरू झाली; म्हणजे ती निव्वळ रासायनिक नसून सजीवांची होती.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी-संशोधन केंद्रात या शोधाची पडताळणी करून तो पुढे नेणारे रसायनशास्त्रज्ञही रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) हेच नाव धारण करीत होते, कारण ते काचपात्रवाल्या वॉरिंग्टन यांचे पुत्र होते. अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट अशा दोन पायऱ्यांनी ही क्रिया होते व प्रत्येक पायरीचे जीवाणू वेगळे असतात, हे त्यांनी दाखवून दिले. ते जीवाणू वेगळे काढून वाढवण्यात मात्र त्यांना यश आले नाही. ते काम १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी केले. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. पित्याच्या गोगलगायींनी कुजका पाला खाल्ला हे खरे, परंतु त्यांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया वाळूवरच्या अदृश्य जीवाणूंनी आणि व्हॅलिस्नेरियाच्या पानांनी आवरला होता. वडिलांच्या पात्राला तगवून धरणाऱ्या या जीवाणूंची रीत मुलाने शेतातील मातीत उलगडली, असे म्हणता येईल.

नवी टाकी मांडल्यावर लगेच मासे सोडू नयेत, ती आधी ‘सायकल’ होऊ द्यावी, असे जे आज सांगितले जाते, त्याचे मूळ श्लोझिंग आणि म्युंट्झ यांच्या त्या निष्क्रिय वीस दिवसांत आहे. जीवाणूंची वस्ती गाळणीच्या स्पंजावर व वाळूच्या कणांवर जमेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात प्रथम अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढते व उतरते, आणि अखेरीस नायट्रेट साठू लागते. अमोनियाचा जाच पाण्याच्या सामूवरही अवलंबून असतो. सामू म्हणजे पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखवणारे माप. ते कोपनहेगन येथे सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये प्रचारात आणले. पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असल्यास एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाल्यास तोच सुमारे पाच टक्के होतो. म्हणून अमोनियाचा आकडा एकटा वाचून भागत नाही. जीवाणूंविषयीचे आकलनही थांबलेले नाही: २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातील टाकीतून अमोनिया वापरणारा आर्किया गटातील सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला, आणि २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार करणारे नायट्रोस्पायरा जीवाणू सापडले, तेही एका ठिकाणी मत्स्यपालनाच्या गाळणीतूनच. धाकट्या वॉरिंग्टन यांचा द्विपायरी सिद्धान्त त्यामुळे खोटा ठरला नाही. दोन्ही पायऱ्या चढणारे जीवही असतात, एवढी भर त्यात पडली.

थोरल्या वॉरिंग्टन यांच्या मांडणीतील दुसरा दोष २०व्या शतकात उघड झाला. अमेरिकी मत्स्यतज्ज्ञ जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये असे प्रतिपादले की, माशांना मिळणाऱ्या प्राणवायूचा मोठा वाटा वनस्पतींकडून नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेतून येतो, आणि पूर्ण तोल साधलेली बंद टाकी ही समजूत आहे. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, हे लक्षात घेता हा आक्षेप रास्त होता. परंतु त्यामुळे वनस्पतींचे महत्त्व घटत नाही. अनेक पाणवनस्पती अमोनियम थेट शोषून घेतात, त्यामुळे दाट लागवडीच्या टाकीत जीवाणूंवरचा भार हलका होतो. प्रश्न उलटा फिरला एवढेच: वनस्पती माशांसाठी काय करतात याऐवजी वनस्पतींना काय हवे असते, हे विचारले जाऊ लागले.

या प्रश्नाशी घराण्याची तिसरी पिढी जोडलेली आहे. धाकट्या वॉरिंग्टन यांच्या कन्या कॅथरिन वॉरिंग्टन (१८९७–१९९३) रॉथमस्टेड येथेच वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम करीत होत्या, आणि १९२३ मध्ये त्यांनी दाखवले की, बोरॉन हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात का होईना मिळाले नाही, तर ब्रॉड बीन या शेंगवर्गीय वनस्पतीची वाढ खुंटते. नत्र, स्फुरद आणि पालाश भरपूर असूनही एखाद्या नगण्य भासणाऱ्या द्रव्याच्या अभावी रोप मरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. प्लँटेड टँकसाठी मिळणाऱ्या सूक्ष्मपोषक खतांच्या बाटलीवर लोह, मँगनीज यांच्याशेजारी बोरॉनचे नाव छापलेले असते, ते याच शोधामुळे.

लोहाचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण प्राणवायूयुक्त पाण्यात लोह गंजाच्या रूपाने खाली बसते व मुळांना सहजी मिळत नाही. १९८०च्या दशकातील जर्मन मत्स्यपालकांनी त्यावर लोहसमृद्ध लॅटेराइट वाळूखाली पसरण्याचा उपाय रूढ केला. लॅटेराइट म्हणजे कोकणात ज्याचे चिरे काढून घरे बांधतात तो जांभा. हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातील अंगाडिपुरम येथील दगडावरून १८०७ मध्ये दिले. १९८०च्या दशकाच्या सुमारासच कार्बन डायऑक्साइड नळीने पाण्यात सोडण्याचे तंत्र पुढे आले, आणि जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी ते निसर्गदृश्य रचण्याच्या कलेशी जोडले. शेवाळ खाण्यासाठी त्यांनी लोकप्रिय केलेली लहान कोळंबी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दीड शतकापूर्वी गोगलगायींना मिळालेली कामगिरी अशा रीतीने तिच्याकडे आली.

कार्बन डायऑक्साइड किती विरघळला आहे हे दोन मापांवरून काढता येते. एक सामू, दुसरे कार्बोनेट दुष्फेनता, म्हणजे आम्ल शोषून सामू सावरून धरणाऱ्या बायकार्बोनेटचे प्रमाण, ज्याचा एक जर्मन अंश लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाइतका भरतो. दुष्फेनता ४ अंश आणि सामू ६.६ असल्यास लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम वायू विरघळलेला असतो; वनस्पतींना तो पुष्कळ झाला, आणि त्याहून फार अधिक झाल्यास मासे गुदमरतात. बुडवलेल्या लाकडातून अन्य आम्ले उतरत असतील, तर हे गणित चुकते. नायट्रीकरणही आम्ल निर्माण करते व कार्बोनेट हळूहळू खाऊन टाकते, त्यामुळे पाणी न बदललेल्या जुन्या टाकीचा सामू एके दिवशी घसरतो. नियमित अंशतः पाणी बदलण्याचे कारण केवळ नायट्रेट हटवणे हे नसून ही शिल्लक पुन्हा भरणे हेही आहे.

महाराष्ट्रातील मत्स्यपालकाला याचा प्रत्यय सहज येतो. सह्याद्रीतील धरणांचे नळाचे पाणी बहुधा सुफेन, म्हणजे क्षार कमी असलेले असते, तर दख्खनच्या बेसॉल्टमधील विंधन विहिरींचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. एकाच शहरात नळाचे आणि बोअरचे पाणी वापरणाऱ्या दोन घरांत एकच वनस्पती निराळी वागते. पश्चिम घाटातील ओढ्यांतून क्रिप्टोकोराइन प्रजातीतील वनस्पती नैसर्गिकरीत्या वाढतात, आणि हीच प्रजाती जगभरच्या टाक्यांत लावली जाते. ती लावताना तिच्या मूळ ओढ्याच्या पाण्याचा विचार करणे हा पाण्याचे रसायन शिकण्याचा उत्तम मार्ग ठरतो.

वॉरिंग्टन घराण्यातील प्रत्येक पिढीने एक दुर्लक्षित भागीदार ओळखला: आजोबांनी कुजका पाला संपवणाऱ्या जीवाचे स्थान, मुलाने नत्राची दोन पायऱ्यांची वाट, नातीने कणभर बोरॉनची अनिवार्यता. यांतील एकही शोध आधीचा पुसून झाला नाही; प्रत्येक वेळी हिशेब पुढच्या रकमेशी अडला आणि ती रक्कम शोधावी लागली. नव्या टाकीचे पाणी तिसऱ्या आठवड्यात गढूळले, की ते ओतून देण्याची घाई होते. अशा वेळी आधी अमोनिया, नायट्राइट, सामू आणि दुष्फेनता मोजून पाहावी, आणि अमोनिया किंवा नायट्राइट चढलेले असल्यास थोडे पाणी बदलून माशांना सांभाळत वस्ती जमू द्यावी. गढूळ पाण्यापुढे प्रश्न विचारण्याची जी रीत १८४९ मध्ये या वस्तूला जन्म देऊन गेली, तीच तिचा खरा वारसा आहे.