भिलाईच्या मागच्या गल्लीतला खराटा

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातल्या धानाच्या शेतांत भिलाई उभी राहू लागली. पुढच्या वर्षी राज्यं बदलली. अमरावती मुंबई राज्यात गेली, दुर्ग मध्य प्रदेशातच राहिलं. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या वडिलांनी बडनेऱ्याहून हावड्याची गाडी धरली. बाबांना खराटा मारताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, म्हणून क्वार्टर मिळाल्यावर त्यांनी आधी विचारलं, इथं सफाई कोण करतं?

क्वार्टरमध्ये नळ होता, फ्लशचा संडास होता. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती! सफाई कामगारांचे हाल तपासायला मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली होती, केंद्राने १९५७ मध्ये मलकानी समिती नेमली. देशभरात मैल्याच्या टोपल्या माणसांच्या डोक्यावरून जात होत्या. आमच्या ओळीत ती टोपली मी कधी पाहिली नाही. पण गटाराने सोय झाली ती माणसांची. घरामागे बारी होती, म्हणजे भेंडी-दोडक्याचे वाफे आणि मुनग्याचं झाड. शेजारच्या दोन घरांत पाळलेली कुत्री, गल्लीत बिनमालकाची पाच-सहा. त्यांची घाण उचलायची कोणी?

उचलायची ती गल्ली झाडणारी बाई. आम्ही मुलं तिला मौसी म्हणायचो. शेगडीतली राख ती प्रत्येक घरून मागून घ्यायची, विष्ठेवर टाकायची आणि पुढची दोन घरं झाडून परत यायची. तोवर राखेने ओल शोषलेली असे. मग डालड्याच्या डब्याचा कापलेला पत्रा खाली सारून, खराट्याच्या बुडख्याने ढकलून, मातीला डाग न ठेवता ती सगळं घमेल्यात घ्यायची. हे कसब होतं. पगार तिला गल्ली झाडण्याचा मिळे. कुंपणाच्या आतलं काम वरकड. त्याबद्दल मिळे शिळी पोळी, सणाला जुनं लुगडं, आणि चहा वेगळ्या कपात. तो कप आमच्या घरातून वडिलांनी काढून टाकला, ओळीतल्या सगळ्या घरांतून मात्र गेला नाही. याची चीड मला आजही येते.

या घाणीला कधीकाळी भावही होता. हेन्री मेह्यू याने १८५१ च्या सुमारास लंडनच्या गरिबांवर लिहिलं, त्यात रस्त्यावरची कुत्र्यांची विष्ठा बादलीत गोळा करून बर्मंडसीच्या चामडे कमावणाऱ्यांना विकणारी माणसं आहेत. हातमोज्यांचं नि पुस्तकांच्या बांधणीचं कातडं तिने मऊ होई. आमच्या छत्तीसगडमध्ये २० जुलै २०२०, हरेली सणाच्या दिवसापासून, सरकारने शेण दोन रुपये किलोने घेतलं. कुत्र्याच्या विष्ठेला असं गिऱ्हाईक आता नाही. पैसे मोजायचे ते उचलण्याच्या श्रमाचे, आणि तेच आपण वर्षानुवर्षं मोजले नाहीत.

मौसीची रोजची फेरी किती मोलाची होती, ते कृमींचं शास्त्र वाचलं की कळतं. कुत्र्याच्या पोटातल्या गोल कृमींची अंडी ताज्या विष्ठेत बाधक नसतात; मातीत दोन-तीन आठवडे राहिली की होतात, आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. अंकुश-कृमीच्या अळ्या ओल्या, उबदार मातीत आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. आम्ही सगळी मुलं बारीत अनवाणीच असायचो.

आता आमच्या ओळीतल्या कुत्रेवाल्या घरांनी मिळून एक माणूस ठरवला आहे. एरवी तो दिवसाआड येतो, पावसाळ्यात रोज. लांब दांड्याची सुपली, रबरी हातमोजे आणि गमबूट ओळीने घेऊन दिले आहेत. पैसे घरटी ठरलेले, महिन्याच्या पहिल्या तारखेला. हात धुवायला साबण आमच्या नळावर असतो, चहा आमच्याच कपात. भाजीच्या खताच्या खड्ड्यात तो ही घाण टाकत नाही, कारण घरच्या खताच्या उबेने ती अंडी मरतीलच असं नाही. वाफ्यांपासून दूर, कोपऱ्यात वेगळा खोल खड्डा आहे. प्रत्येक वेळी वर मातीचा थर. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं, तेव्हा त्यानेच जागा बदलायला सांगितली. नवा खड्डा उंचवट्यावर खणला, आणि खणण्याची मजुरी त्याला वेगळी दिली.